गाणे हातांतून पोहोचले का? सांकेतिक भाषेच्या सोयीसह झालेल्या एका संगीत कार्यक्रमाचे परीक्षण

ध्रुवपद सुरू होण्याआधी सगळी वाद्ये क्षणभर थांबली, मंचावरचा प्रकाश मंदावला आणि ड्रमचा पहिला ठोका पडताच हजारो माणसांनी एकाच वेळी उडी मारली. माझी धाकटी बहीण त्या हजारांत होती आणि तिची उडी इतरांच्या उडीबरोबरच होती. ती जन्मतः कर्णबधिर आहे. आजवर आम्ही एकत्र ज्या कार्यक्रमांना गेलो तिथे ती माझ्याकडे पाहून, किंवा पुढच्या रांगेतल्या लोकांचे खांदे हलताना पाहून, सर्वांच्या मागून टाळी देत असे. या वेळी तिला कोणाकडे पाहावे लागले नाही, आणि म्हणूनच या कार्यक्रमात कर्णबधिर प्रेक्षकांसाठी केलेल्या व्यवस्थेबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

परीक्षण करण्याचा माझा अधिकार एवढाच, की मला ऐकू येते आणि बहिणीमुळे लहानपणापासून सांकेतिक भाषाही येते. त्यामुळे गाणे कानांनी आणि डोळ्यांनी अशा दोन्ही वाटांनी माझ्यापर्यंत येत होते आणि दोहोंची तुलना करता येत होती. तरीही खाली जिथे जिथे मत दिले आहे तिथे अखेरचा शब्द तिचा आहे. मला आवडलेल्या दोन गोष्टी तिला अडचणीच्या वाटल्या, आणि जिच्याकडे माझे लक्षही गेले नव्हते अशा एका साध्या गोष्टीमुळे तिची संध्याकाळ चांगली गेली.

ज्याला ऐकू येत नाही त्याला संगीताच्या कार्यक्रमात काय मिळणार, हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे. बहिरेपण म्हणजे संपूर्ण शांतता, ही ऐकू येणाऱ्यांची कल्पना आहे. मोठ्या ध्वनिक्षेपकांतून येणारा खर्ज छातीत, पोटात आणि तळपायांत स्पष्ट जाणवतो. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. त्या आजही कंपने अधिक चांगली जाणवावीत म्हणून अनेकदा अनवाणी वाजवतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील डीन शिबाटा यांनी २००१ साली मेंदूच्या प्रतिमांच्या आधारे दाखवले, की ऐकू येणाऱ्या माणसाच्या मेंदूचा जो भाग आवाजासाठी काम करतो, तोच भाग कर्णबधिर व्यक्तीच्या बाबतीत स्पर्शातून आलेल्या कंपनांनी जागा होतो. माझ्या बहिणीने यातले काही वाचलेले नसतानाही ती पहिल्या गाण्याला चपला काढून ठेवते. ताल तिला नेहमीच मिळत आला आहे. मिळत नव्हते ते शब्द, सुरांची चढउतार, गायकाच्या आवाजातला कातरपणा आणि दोन गाण्यांच्या मधले बोलणे. सांकेतिक भाषेतील दुभाषाकडून अपेक्षा असते ती एवढा सगळा भाग भरून काढण्याची.

या सेवेचे पहिले श्रेय मी तिकिटाच्या अर्जाला देते. कोणती सांकेतिक भाषा लागेल, शेजारी सोबतीला कोणी असेल का, श्रवणयंत्र वापरता का, कंपन देणारे जॅकेट हवे का आणि लिखित मजकुराचा पडदा दिसेल अशी जागा हवी का, असे नेमके प्रश्न त्यात होते. भाषेचा प्रश्न पाहून बहीण विशेष सुखावली, कारण जगात एकच सांकेतिक भाषा आहे असे समजून चालणारे आयोजक आम्ही पाहिले आहेत. जागतिक कर्णबधिर महासंघाच्या मते जगात ३०० हून अधिक सांकेतिक भाषा आहेत, आणि इंग्रजी हीच बोली असलेल्या ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सांकेतिक भाषासुद्धा एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की एकीचा जाणकार दुसरी सहज समजू शकत नाही. अर्जावरचे सगळे उत्तर लेखी आले, हेही नोंदवते. यापूर्वी एका ठिकाणी कर्णबधिरांसाठीच्या जागा राखून ठेवण्याकरिता फक्त दूरध्वनी क्रमांक दिलेला होता, आणि तो क्रमांक लावण्यासाठी तिला माझी मदत घ्यावी लागली होती.

दुभाषासाठी मंचाच्या डाव्या कडेला, गायकाच्या उभे राहण्याच्या जागेपासून थोड्याच अंतरावर, एक उंच चौथरा होता आणि राखीव जागा त्याच्या बरोबर समोर होत्या. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण सगळ्या सेवेचा कणा हाच आहे. कर्णबधिर प्रेक्षक एकाच वेळी दोन ठिकाणी पाहू शकत नाही. दुभाषी एका टोकाला आणि गायक दुसऱ्या टोकाला असेल, तर त्याला दर क्षणी दोघांपैकी एकाची निवड करावी लागते आणि तासाभरात मान व डोळे थकून जातात. इथे दोघे एकाच दृष्टिक्षेपात येत होते. दुभाषांनी एकरंगी काळे कपडे घातले होते, त्यामुळे हातांचे आकार मागच्या रंगांत विरघळत नव्हते. आणि बहिणीची संध्याकाळ ज्या साध्या गोष्टीमुळे चांगली गेली ती म्हणजे चौथऱ्यावरचा एक लहानसा पांढरा दिवा, जो मंचावर पूर्ण अंधार केला जाई तेव्हाही विझत नसे. एका जुन्या कार्यक्रमात अत्यंत हळवे गाणे सुरू असताना सगळे दिवे मालवले गेले होते आणि गाणे संपेपर्यंत ती अंधारात बसून राहिली होती. ऐकू येणाऱ्यांसाठी तो त्या रात्रीचा सर्वांत सुंदर भाग होता.

आता प्रत्यक्ष अनुवादाविषयी. सांकेतिक भाषा म्हणजे बोलीतल्या शब्दांना हातांनी दिलेल्या खुणा, असा समज अजूनही पुष्कळ आहे. विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकी सांकेतिक भाषेचा अभ्यास मांडून हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल या घटकांतून शब्द कसा घडतो हे दाखवले, आणि त्यानंतर भाषाशास्त्राने या भाषांना पूर्ण भाषा म्हणून स्वीकारले. त्यांची वाक्यरचना वेगळी असते. भुवया, ओठ, खांदे हे व्याकरणाचा भाग असतात. म्हणून गाण्याचे शब्द एकामागून एक हातांनी दाखवत जाणे हा अनुवाद ठरत नाही. त्यातून ओळ तर कळत नाहीच, शिवाय लयही मोडते.

त्या रात्रीच्या पहिल्या दुभाषीने हे काम किती जाणून केले होते याचे एक उदाहरण देते. एका गाण्यात घर सोडून गेलेल्या माणसासाठी दार उघडे ठेवल्याची ओळ चार वेळा येत होती. ऐकताना चारही वेळा शब्द तेच होते. बदलत होता तो गायकाचा आवाज. दुभाषीने पहिल्या वेळी दार स्पष्ट उघडून दाखवले. दुसऱ्या वेळी तेच दार अर्धवट, संकोचाने उघडले. तिसऱ्या वेळी दाराची जागा सरकून तिच्या छातीपाशी आली. चौथ्या वेळी दार नव्हतेच, फक्त उघडा तळहात होता, आणि तो तिने शेवटचा स्वर विरेपर्यंत तसाच धरून ठेवला, नजर मात्र हळूहळू खाली नेली. मी कानांनी ऐकत असलेला कातरपणा तिथे डोळ्यांना दिसत होता. बहिणीने माझा हात घट्ट धरला होता. नंतर तिने मला विचारले, “ताई, गायक शेवटी खरेच इतका हळू म्हणत होता का?” मी हो म्हटले.

यमकांची सोयही मला पहिल्यांदाच इतकी बारकाईने पाहायला मिळाली. आवाजातले यमक हातांत आणता येत नाही, पण ओळींच्या शेवटी हाताचा एकच आकार पुन्हा पुन्हा येईल अशा खुणा निवडता येतात, आणि डोळ्यांना तीच पुनरावृत्ती यमकासारखी जाणवते. सांकेतिक भाषेतील कवी हे तंत्र वापरतात. शब्दांवाचूनच्या जागांतही दुभाषी थांबली नाही. खर्जातले गिटार तिने कमरेच्या पातळीवर, जड खांद्यांनी आणि फुगवलेल्या गालांनी दाखवले. तार स्वरातले गिटार कपाळाच्या उंचीवर, बोटांच्या जलद थरथरीतून. एकटा आवाज आणि समूहाचा आवाज यांतला फरक तिने हातांनी व्यापलेल्या जागेतून दाखवला. वाद्यांचा आणि आवाजाच्या पोताचा असा अनुवाद लोकांच्या नजरेत आणण्यात अमेरिकेतील दुभाषी अँबर गॅलोवे यांचा वाटा मोठा आहे. २०१३ साली लोलापलूझा महोत्सवात केंड्रिक लमार यांच्या रॅपचा त्यांनी केलेला अनुवाद इंटरनेटवर जगभर पाहिला गेला. रॅपच्या वेगाशी हातांनी बरोबरी करायची तर आशय आधीच मनात मुरलेला असावा लागतो. हॉली मॅनिॲटी या दुभाषीने त्याच वर्षी बोनारू महोत्सवात वू टँग क्लॅन या रॅप गटाचे गाणे असेच पेलले होते.

अशा चित्रफितींच्या कौतुकातून एक अडचणही निर्माण झाली आहे आणि त्या रात्री ती आमच्यासमोर आली. दुभाषांची जोडी होती. हे योग्यच आहे, कारण इतके एकाग्र काम एका माणसाने सलग केले तर अनुवादाची गुणवत्ता घसरते. ते दर वीस मिनिटांच्या आसपास जागा बदलत होते. दुसरा दुभाषी अतिशय उत्साही होता, उत्तम नाचत होता, आणि मला तो फार आवडला. आजूबाजूच्या ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांनी त्याचेच चित्रीकरण केले. बहिणीचे मत वेगळे पडले. नाचताना त्याचे हात शरीराबरोबर इतके हलत होते की खुणेची जागा पक्की राहत नव्हती, आणि जागा सरकली की शब्द बदलतो. शिवाय दुःखाच्या ओळीवरही त्याच्या चेहऱ्यावर हसू होते, आणि सांकेतिक भाषेत चेहरा खोटे बोलू लागला की वाक्यच खोटे पडते. एका गाण्याची दोन कडवी तिला कळली नाहीत. दुभाषाचे यश ऐकू येणाऱ्यांच्या टाळ्यांवर मोजू नये हे कर्णबधिर समाज पुष्कळ वर्षे सांगत आला आहे, आणि तिच्या शेजारी बसून मला ते प्रथमच नीट समजले.

बोलण्याच्या अनुवादात दोन-तीन सेकंदांचे अंतर राहणारच. गायकाने मध्येच केलेल्या विनोदावर ती थोडी उशिरा हसली आणि त्याबद्दल तिची तक्रार नाही. गाणी मात्र वेळेवर आली, आणि त्याचे कारण उघड आहे: आयोजकांनी गाण्यांची यादी दुभाषांना पुष्कळ आधी दिली होती. याची खात्री आम्हाला एका चुकीमुळेच पटली. शेवटी रसिकांच्या आग्रहावरून गायकाने यादीत नसलेले एक गाणे घेतले, आणि पहिली दुभाषी लगेच अडखळू लागली. तिने ते लपवले नाही. हे गाणे तयार केलेले नाही, असे तिने आधी प्रामाणिकपणे सांगितले आणि मग जमेल तेवढा आशय पोहोचवला. बहिणीला हा प्रामाणिकपणा मनापासून भावला. दुभाषाने अंदाजाने हात हलवत राहावे आणि प्रेक्षकाने न कळूनही मान डोलवत राहावे, असा अनुभव तिने अनेकदा घेतला आहे.

कंपन देणाऱ्या जॅकेटबद्दल मला थोडी शंका होती. असे तंत्र आता बरेच रुळले आहे. नॉट इम्पॉसिबल लॅब्सने घडवलेल्या पोशाखात अंगावर २४ ठिकाणी कंपने पोहोचवली जातात, आणि कोल्डप्लेसारखा बँड आपल्या जगभरच्या दौऱ्यांत कर्णबधिर प्रेक्षकांना कंपन देणारे जॅकेट आणि सांकेतिक भाषेतील अनुवाद दोन्ही देतो. आम्हाला मिळालेले जॅकेट वजनाने हलके होते, पट्टे घट्ट करण्यासाठी एक स्वयंसेविका स्वतः आली, आणि तिला थोडीबहुत सांकेतिक भाषा येत होती. ड्रम पाठीवर, खर्जाचे गिटार कमरेला आणि गायकाचा आवाज छातीवर, अशी विभागणी होती. मी दोन गाण्यांपुरते ते घालून पाहिले. त्वचेची कंपन ओळखण्याची शक्ती २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असते आणि १००० हर्ट्झच्या पुढे ती जवळजवळ संपते, तर निरोगी तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यामुळे तार स्वर, झांजा, बासरी हे सगळे जॅकेटच्या हाती लागत नाही. ताल आणि जोर मात्र विलक्षण स्पष्ट येतात. बहिणीच्या मते एकटे जॅकेट म्हणजे अर्थ न कळणारी लय आणि एकटा दुभाषी म्हणजे पायाखाली जमीन नसलेली कविता. दोन्ही एकत्र आल्यावरच गाणे होते. सुरुवातीला सांगितलेली ती उडी या एकत्र येण्यातूनच घडली: वाद्ये आता थांबणार हे दुभाषीच्या उंचावून थिजलेल्या हातांनी तिला सांगितले होते, आणि पहिला ठोका पाठीवर आला.

गाण्याचे शब्द दाखवणारा लिखित पडदाही होता. ज्यांची श्रवणशक्ती उतारवयात गेली आहे आणि ज्यांना सांकेतिक भाषा येत नाही, त्यांच्यासाठी तो आवश्यकच आहे, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी असलेली, आवाज थेट यंत्रात पोहोचवणारी लूपची सोयही तशीच. पण एक सोय दुसरीची जागा घेऊ शकत नाही. जिची पहिली भाषा हातांची आहे तिच्यासाठी पडद्यावरचा मजकूर ही दुसरी भाषा असते, आणि हळव्या गाण्यात कोणालाच दुसऱ्या भाषेत वाचायला आवडत नाही. मंचावर सोडलेला रंगीत धूर दोनदा वाऱ्याबरोबर दुभाषीच्या चौथऱ्यावर आला, तेवढ्या वेळात तिला पडद्याचाच आधार होता. मी मात्र त्या धुरातले प्रकाशाचे पट्टे कौतुकाने पाहत होते.

आता उणिवा. मुख्य गायकाआधी दोन गट गायले आणि त्या दोघांच्याही वेळी चौथरा रिकामा होता. सव्वा तास तिने नुसता ठेका अनुभवला, आणि तिकीट सर्वांनी सारखेच काढलेले होते. ही बाब किरकोळ मानू नये. इंग्लंडमध्ये २०१७ साली लिटल मिक्स या गटाच्या कार्यक्रमाला आपल्या मुलींना घेऊन गेलेल्या कर्णबधिर मातांना दुभाषी केवळ मुख्य गटासाठी मिळाला आणि आधी गाणाऱ्या गटांसाठी मिळाला नाही. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील तिसावे कलम सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याबद्दल आहे, आणि बरोबरी शेवटच्या दीड तासापुरती असू शकत नाही.

दुसरी उणीव मोठ्या पडद्यांची. मंचाच्या दोन्ही बाजूंना प्रचंड पडदे होते, त्यांवर गायकाचा चेहरा, वादकांची बोटे, प्रेक्षकांचे हात हे सगळे दिसत होते, पण दुभाषासाठी त्यांच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकटही नव्हती. परिणामी कर्णबधिर प्रेक्षकाला राखीव जागा सोडून मित्रांबरोबर मैदानात इतरत्र उभे राहता येत नाही. अमेरिकेत २०२० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, कर्णबधिर कलावंत क्रिस्टीन सन किम यांनी राष्ट्रगीत सांकेतिक भाषेत सादर केले, तेव्हा प्रक्षेपणात त्या काही क्षणच दिसल्या आणि त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता. कॅमेरा अन्यत्र वळला की ऐकू येणाऱ्याचे गाणे सुरूच राहते. पाहणाऱ्याचे तिथेच तुटते. ब्रिटनमध्ये बीबीसीने २०२३ साली ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचाचे कार्यक्रम सांकेतिक भाषेसह थेट उपलब्ध करून दिले. हे जमू शकते, एवढेच त्यातून आयोजकांनी घ्यावे.

बाहेर पडण्याच्या सूचना मात्र अनुवादित झाल्या, आणि हे आवर्जून सांगायला हवे. गर्दी वाढल्यामुळे एक दरवाजा बंद असल्याचे ध्वनिक्षेपकावरून जाहीर झाले तेव्हा पहिली दुभाषी पुन्हा चौथऱ्यावर आली आणि तिने कोणत्या बाजूने जायचे ते सांगितले. बऱ्याच ठिकाणी शेवटचे गाणे संपले की दुभाषाचे काम संपले असे मानले जाते. निघण्यापूर्वी राखीव जागेतल्या सगळ्यांनी दोन्ही हात उंचावून तळवे फिरवत तिला कर्णबधिरांच्या पद्धतीची दाद दिली, आणि मागच्या रांगांतल्या काही ऐकू येणाऱ्यांनीही ते पाहून हात वर केले.

आठवडाभरात अभिप्रायाचा अर्ज आला, आणि त्यात उत्तर सांकेतिक भाषेत चित्रित करून पाठवण्याची सोय होती. बहिणीने साडेचार मिनिटांचे उत्तर पाठवले. आधीच्या गटांसाठी दुभाषी आणि पडद्यावर चौकट या दोन मागण्या तिने थोडक्यात सांगितल्या आणि उरलेला सगळा वेळ तिसरीसाठी दिला: पुढच्या वेळी चौथऱ्यावर एक कर्णबधिर दुभाषी असावा. २०२३ च्या सुपर बोलमध्ये रिहानाच्या कार्यक्रमाचा अनुवाद जस्टिना माइल्स या कर्णबधिर कलाकाराने केला आणि तो जगाने पाहिला. अशा वेळी समोर उभा असलेला ऐकू येणारा सहकारी ताल आणि ओळी खुणांनी पुरवत राहतो आणि कर्णबधिर दुभाषी त्यांना आपल्या मातृभाषेत घडवतो. फिनलंडचा कर्णबधिर रॅपर सिग्नमार्क २००९ साली युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेसाठीच्या त्या देशाच्या निवड स्पर्धेत दुसरा आला होता, हेही तिने उत्तरात सांगितले. आयोजकांनी पुढील कार्यक्रमासाठी कर्णबधिर दुभाषाचा शोध सुरू केल्याचे लेखी कळवले आहे, आणि तिने आमच्या दोघींच्या जागा त्याच चौथऱ्यासमोर राखून ठेवल्या आहेत.